निवृत्तीचे पैसे आहेत: बाँडवरचा प्लॉट घ्यावा, फ्लॅट घ्यावा की घरावर मजला चढवावा?

प्रश्न औसा तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा आहे. हातात निवृत्तीचे बावीस लाख आहेत. लातुरात वडिलांनी बांधलेलं एकमजली घर आहे, मुलगा पुण्यात नोकरीला. समोर तीन पर्याय आहेत. पहिला, संभाजीनगरपासून काही अंतरावर, शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्याच्या दिशेला, 'पुढं एनए (बिगरशेती) होणार' असा बाँडवर, म्हणजे नुसत्या नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर, मिळणारा प्लॉट. दुसरा, संभाजीनगरातच बेचाळीस लाखांचा फ्लॅट, वीस लाख कर्ज काढून. तिसरा, लातूरच्या घरावर मजला चढवून तो विद्यार्थ्यांना किरायानं देणं. शिवाय मनात एक धास्ती आहे: किरायेदार बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं म्हणतात, ते खरं का?

गुरुजी, माझं काम लातूर आणि संभाजीनगर या दोन्ही ठिकाणी लोकांची घरं किरायानं लावून देणं, करार करणं आणि ती सांभाळणं हेच आहे. उत्तर आधीच सांगतो. तिसरा पर्याय घ्या, पण घराच्या पायाची तपासणी झाल्यावर आणि पाण्याचा हिशेब मांडल्यावर. पहिल्या पर्यायाच्या वाटेला जाऊ नका. दुसरा चुकीचा नाही, पण तुमच्या वयाला आणि तुमच्या पैशाला तो बसत नाही.

प्लॉटपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त पैसा तिथंच बुडतो. समृद्धी महामार्ग, शेंद्रा, बिडकीन ही नावं खरी आहेत आणि तिथली वाढही खरी आहे. पण महामार्ग जवळ असल्यानं तुमचा तुकडा कायदेशीर होत नाही. शंभर किंवा पाचशेच्या बाँडवर नोटरी करून घेतलेल्या जागेची मालकी तुमच्याकडं येत नाही. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत नोंदणीकृत खरेदीखतानंच हस्तांतरित होते, असं मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा सांगतो. मुखत्यारपत्र, विक्री करार आणि ताबा पावती असा जुडगा करून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे. विकणारा 'ग्रामपंचायतीत नमुना 8 ला नाव लावून देतो' म्हणेल. तो कर आकारणीचा कागद आहे. त्यावर नाव असलं म्हणजे ग्रामपंचायत तुमच्याकडून कर घेते, एवढाच त्याचा अर्थ.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या सल्लागारांच्या लक्षात येत नाही. आपला भाग निजामाच्या राज्यातला. इथल्या जमिनींचा इतिहास वेगळा, कायदेही वेगळे. नुसता आजचा सातबारा कोरा दिसतो म्हणून भागत नाही. 1954 च्या सुमाराचं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, काढा आणि तिथपासून आजपर्यंत फेरफारांची साखळी जुळते का ते बघा. जमीन भोगवटादार वर्ग 1 (मालकाला मोकळेपणानं विकता येणारी) आहे की वर्ग 2 (सरकारी बंधनं असलेली), 'इतर हक्क' रकान्यात काय लिहिलंय, 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याखाली संरक्षित कुळाची नोंद कुठं आहे का, हे वाचा. इनाम, खिदमतमाश (सेवेच्या बदल्यात दिलेली जमीन), देवस्थान, वक्फ यांपैकी कुठलाही शब्द जुन्या कागदावर दिसला तर व्यवहार तिथंच थांबवा आणि महसुलाची कामं करणाऱ्या वकिलाला दाखवा. अशा जमिनींवर घरं उभी राहून पिढी गेल्यावरही नोटिसा आल्याची उदाहरणं आपल्या भागात आहेत.

'गुंठेवारीत नियमित होईल' हेही नेहमीचं वाक्य. गुंठेवारी म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेले तुकडे. गुंठेवारीचा कायदा 2001 चा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनं त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना लावली. म्हणजे जे आधीच झालेलं आहे ते मार्गी लावायला तो आहे. आज नवा तुकडा घेऊन त्या आशेवर बसण्यासाठी तो नाही. तुकडेबंदीच्या, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या, नियमांतही सरकारनं अलीकडं सवलती दिल्या आहेत. पण सवलतीनं रस्ता होत नाही, नाली होत नाही, मंजूर रेखांकन होत नाही. आणि हे सगळं बाजूला ठेवलं, कागद अगदी स्वच्छ निघाले, तरी प्लॉट तुम्हाला महिन्याला एक रुपया देत नाही. निवृत्त माणसाला दरमहा येणारी रक्कम लागते. प्लॉट तरुणानं घ्यावा, ज्याला पंधरा वर्षं थांबता येतं.

आता फ्लॅट. आकडे मांडून बघू. बेचाळीस लाखांचा दोन खोल्यांचा फ्लॅट धरा, किराया दहा हजार धरा. वर्षाचे झाले 1,20,000. दोन किरायेदारांच्या मध्ये एखादा महिना घर रिकामं राहतंच. सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, रंगरंगोटी, नळदुरुस्ती वजा केली की हातात नव्वद हजाराच्या आसपास उरतात. बेचाळीस लाखांवर ते दोन टक्क्यांच्या थोडं वर पडतं. आणि वीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 17,356 रुपये. किरायातून हप्ता भागेल, असं सांगणाऱ्याला हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवा. खर्च वजा जाता दरमहा दहा हजाराच्या आसपास पेन्शनमधून घालावे लागतील, घर रिकामं राहिलं तर सगळाच हप्ता. फ्लॅटची किंमत वाढते, हे मान्य. पण ती वाढ विकल्यावर हातात येते आणि मधला प्रत्येक महिना तुम्हाला काढायचा आहे.

तरीही मुलाला संभाजीनगरात पुढं राहायचं असेल म्हणून फ्लॅट घ्यायचाच ठरला, तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून बघा, ताबा देण्याची तारीख आणि चालू खटले वाचा. भाव चटई क्षेत्रावर (घरात प्रत्यक्ष वापरायला मिळणाऱ्या जागेवर) काढा, जिना-लॉबीचा वाटा धरलेल्या 'सुपर बिल्ट-अप'वर बोलणं करू नका. सोसायटी झालेली असेल तर बिगर-भोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर किरायानं देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे लक्षात ठेवा. काही ठिकाणी मनाला येईल तो आकडा लावतात. घर पत्नीच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते.

आता तुमच्या लातूरच्या घराकडं येऊ, कारण खरा विचार इथं करायचा आहे.

सगळ्यात आधी पाया. तुमचं घर वडिलांच्या काळातलं आहे म्हणता. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाआधीचं आहे की नंतरचं, हे मला पहिलं कळायला हवं. आधीचं असेल, दगड-मातीच्या भिंतींवर छत टेकलेलं असेल, तर त्यावर स्लॅब चढवायचा विषयच नको. खालचं घर पाडून नव्यानं बांधण्याचा खर्च धरा किंवा मागच्या मोकळ्या जागेत वेगळ्या खोल्या बांधा. नंतरचं, आरसीसी कॉलमचं असेल तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या. ठेकेदार 'काही होत नाही, मजबूत आहे' म्हणेल. त्यानं पाया उघडून बघितलेला नसतो. एका कोपऱ्यात खड्डा घेऊन पाया मुरमापर्यंत गेलाय की काळ्या मातीतच थांबलाय हे बघायला लावा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात थांबलेला पाया वरचं ओझं वाढल्यावर बोलायला लागतो. दारं घट्ट होणं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाणं, ही त्याची चिन्हं. आज घरात ती असतील तर आत्ताच सांगा. महानगरपालिकेची बांधकाम परवानगी घेतल्याशिवाय वीटही ठेवू नका. परवानगीशिवायच्या मजल्यावर कर्ज मिळत नाही आणि पुढं विकताना तोच मजला अडचण होतो.

दुसरं पाणी. लातूरकरांना 2016 सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा ज्या घरमालकांकडं साठवण होती त्यांच्या खोल्या भरलेल्या राहिल्या, बाकीच्यांची मुलं गावी गेली. म्हणून खोल्या किती काढायच्या, हे पाण्यावरून ठरवा, जागेवरून नाही. हिशेब असा: शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर धरतात. आठ विद्यार्थी म्हणजे साधारण 1,080 लिटर. तुमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येत असेल तर दोन पाळ्यांच्या मध्ये 8,600 लिटर लागलं. म्हणजे दहा हजार लिटरचा हौद पाहिजे, खाली राहणाऱ्या तुमच्या कुटुंबाचा वेगळा. अडीच मीटर लांब, दोन रुंद, दोन खोल असा हौद झाला की दहा हजार लिटर बसतात. तो संडासाच्या टाकीपासून शक्य तितका लांब घ्या आणि आरसीसीमध्ये करा. विटांचा हौद काळ्या मातीत तडकतो आणि मग आतलं पाणी बाहेर जाण्यापेक्षा बाहेरची घाण आत येण्याची भीती जास्त.

छतावरचं पाणी वाया घालवू नका. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 700 मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी पन्नास हजार लिटरच्या वर पाणी मिळतं. ते गाळून बोअरला सोडा. बोअर असेल तर त्याच्या भरवशावर करारात 'चोवीस तास पाणी' असं लिहून देऊ नका. मे महिन्यात बोअर आटलं की तुम्ही शब्दाला खोटे ठरता. टँकर लागला तर खर्च कोणाचा, हे आधीच ठरवा आणि लिहा. माझ्या अनुभवात लातुरातले निम्मे वाद टँकरच्या पैशांवरून होतात.

आता कमाई. समजा बाथरूमसह चार खोल्या निघाल्या, एकेकीत दोन मुलं, खोलीला साडेपाच हजार. लातुरात वर्षाचे बारा महिने धरू नका. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' ही परीक्षा साधारण मेच्या सुरुवातीला होते, मुलं घरी जातात, नवी बॅच जूननंतर भरते. दहा महिने धरले तर 2,20,000 होतात. टँकर, सफाई, वीज, दुरुस्ती आणि वाढलेला कर यांना चौथा हिस्सा गेला तर 1,65,000 हातात राहतात. बांधकाम, हौद, पलंग-टेबल मिळून अठरा लाख लागले असं धरलं तर ते नऊ टक्क्यांच्या थोडं वर बसतं. हा आकडा फ्लॅटपेक्षा चांगला दिसतो कारण जागेची किंमत वडिलांनी कधीच चुकती केली आहे. तुम्ही फक्त बांधकामाचे पैसे घालताय. ज्याला लातुरात नवी जागा घेऊन हे करायचंय त्याला हा परतावा मिळणार नाही. उरलेले चार लाख बँकेत राहू द्या, कशालाच हात लावू नका. लातूरची ट्यूशनची गर्दी कायम राहीलच असं धरून चालू नये, म्हणून खोल्या अशा काढा की उद्या दोन-दोन जोडून कुटुंबाला देता येतील. प्रत्येक जोडीत एका ठिकाणी ओट्याची आणि मोरीची पाइपलाइन आत्ताच टाकून ठेवा. तसंही आता बऱ्याच घरांतून आई मुलीबरोबर दोन वर्षं खोली करून राहते. अशी कुटुंबं शांत असतात, किराया वेळेवर देतात आणि घर स्वच्छ ठेवतात. मला विचाराल तर आठ सुटी मुलं घेण्यापेक्षा दोन माय-लेकींची बिऱ्हाडं आणि दोन खोल्या विद्यार्थ्यांच्या, अशी मिसळ ठेवा.

मुलींना खोल्या देणार असाल तर जिन्याला वेगळं दार, गच्चीला कुलूप, जिन्यात दिवा, ही सोय पहिल्या दिवशी झाली पाहिजे. आणि ही मुलं पंधरा-सतरा वर्षांची असतात, गुरुजी, हे तुम्हाला मी काय सांगावं. परीक्षेच्या दिवसांत कोणी जेवत नाही, दार लावून बसतं, असं दिसलं तर बापाला फोन करायचा. घरमालकाचं ते कामच आहे असं मी मानतो. कोणी जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून छताच्या पंख्यांना सुरक्षित कडी बसवून मिळते, ती बसवा. महागडी नाही.

वीज मीटर प्रत्येक खोलीला नाही तरी वरच्या मजल्याला वेगळा घ्या. घर वसतिगृह म्हणून चालवलं तर विजेचा दर आणि मालमत्ता कराचा वर्ग बदलू शकतो. महावितरण आणि महानगरपालिकेत बांधकामाआधीच विचारून घ्या.

आता तुमची धास्ती. बारा वर्षं राहिला म्हणून किरायेदार मालक होत नाही. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काला उघड नाकारून बसलेल्या माणसासाठी आहे. तुमच्या परवानगीनं, तुम्हाला किराया देऊन राहणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्याचा ताबा परवानगीचाच असतो. प्रश्न वेगळीकडं आहे: मालकी जात नाही, पण कागद नसेल तर घर रिकामं करून घ्यायला वर्षानुवर्षं जातात. जुन्या बाजारपेठांतली पागडीची दुकानं आठवा. 1954 च्या हैदराबाद भाडे कायद्याच्या काळातले ते किरायेदार, आणि आजही नातवंडांची नातवंडं तारखांना जातात. तो कायदा आता नाही. 31 मार्च 2000 पासून सगळ्या राज्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू आहे.

त्यात तुमच्या उपयोगाची दोन कलमं आहेत. कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. 'अकरा महिन्यांचा आहे, रजिस्ट्री लागत नाही' हे आपल्याकडं वकिलाच्या टेबलावरसुद्धा ऐकू येतं. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटी काय ठरल्या याबाबत किरायेदाराचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम 24 सांगतं की राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नुसत्या वापर-परवानगीवर, दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं (अशा अर्जांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडं) अर्ज करून ताबा मागता येतो आणि तोपर्यंत दुप्पट दरानं भरपाई मिळते. हा रस्ता फक्त राहण्याच्या जागेला आहे. खाली रस्त्याकडेला दुकानाचा गाळा काढायचा विचार कराल तर त्याचे करार वेगळे आणि वाद झाल्यास रस्ता लांबचा.

खर्चाला लोक घाबरतात, म्हणून तोही सांगतो. मुद्रांक एकूण किरायाच्या पाव टक्का, डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून. आठ हजार किराया, अकरा महिने, वीस हजार डिपॉझिट असेल तर सव्वादोनशेच्या आसपास मुद्रांक आणि शहरात हजार रुपये नोंदणी फी. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या होतं. विद्यार्थी अठराच्या खालचा असेल तर करार वडिलांशी किंवा आईशी करा, मुलाची सही काही कामाची नाही. मुदत मेमधल्या परीक्षेनंतर लगेच संपेल अशी ठेवा, म्हणजे नव्या बॅचआधी घर हातात येतं. किरायेदाराची माहिती पोलिसांना द्या.

दर महिन्याला पावती द्या, ते तुमच्यावर बंधनकारक आहे आणि तुमच्या फायद्याचंही. पैसे बँकेतूनच घ्या. किराया थकला म्हणून पाणी किंवा वीज तोडू नका; कायद्यानं तो गुन्हा आहे आणि तुमची भक्कम बाजू एका दिवसात पडकी होते. नोटीस द्या, डिपॉझिटमधून वळतं करा, प्राधिकाऱ्याकडं जा. डिपॉझिट खोली सोडल्याच्या दिवशीच हिशेब करून परत करा. लातुरात पुढचा किरायेदार मागचाच आणून देतो.

एक गोष्ट कोणी लिहीत नाही, पण मला लिहायची आहे. खोली दाखवायच्या आधी आडनाव विचारायची रीत आपल्या शहरांत अजून आहे. मुलगा हुशार, बाप शेतात राबून पैसे पाठवतो, आणि आडनाव ऐकून 'खोली गेली' असं सांगतात. तुम्ही आयुष्यभर सगळ्या मुलांना एका वर्गात बसवलंत. घर देताना बापाचा फोन, ट्यूशनची पावती आणि आधी कुठं राहत होता तिथल्या घरमालकाचा शब्द, एवढं बघा. यातून किराया वसूल होतो की नाही हे कळतं, आडनावावरून काहीच कळत नाही.

करभरणीचं थोडक्यात. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर आधी वजा होतो, उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, त्यासाठी पावत्या लागत नाहीत. त्यामुळं खरा दुरुस्ती खर्च कितीही असो, वेगळा धरता येत नाही. कर्ज घेतलंत तर व्याजही वजा होतं, पण नव्या कर पद्धतीत घराचा तोटा पेन्शनमधून वळता करता येत नाही, हे फ्लॅटचं गणित मांडताना कोणी सांगत नाही.

मुलगा म्हणतो, मजला माझ्या नावावर बांधा. तसं करू नका. घर अजून वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारस नोंद करून मालमत्ता पत्रकावर तुमचं आणि भावंडांचं काय आहे ते स्पष्ट करा. बहिणींचा हक्क असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा वाटणीपत्र झाल्याशिवाय एक रुपयाही बांधकामात घालू नका. जागा सगळ्यांची आणि मजला एकाचा, यातून आपल्याकडं भाऊ-बहीण तुटलेले मी पाहिले आहेत. नाव तुमचंच ठेवा, किराया तुमच्याच खात्यात येऊ द्या. मुलाला द्यायचं ते मृत्युपत्रात लिहा; त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी ऐच्छिक आहे पण करून घ्या. हयातीतच द्यावंसं वाटलं तर मुलाला राहत्या घराचं बक्षीसपत्र सवलतीच्या मुद्रांकावर होतं, ते दार पुढंही उघडंच आहे. सध्या मालमत्ता पत्रकाची नक्कल आणि इंजिनिअरचा अहवाल, हे दोन कागद काढा. ते बघूनच खोल्या चार काढायच्या की दोन, हे ठरवू.